यू लासियेम आणि विहीणबाईंच्या बाटल्या

कुणाचं काही चांगलं झालं की यू लासियेमची उजवी भुवई आधी वर जाते, मग ओठ आवळले जातात आणि मग ती म्हणते, "असू दे." एवढंच. पण ते 'असू दे' ज्या सुरात येतं, त्या सुरापुढे ताजं दूध ठेवलं तर नासेल. मी फ्रीज घेतला तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली होती, "असू दे. आता तुला शिळं खायची सवय लागेल." माझ्या मुलाला दूर बाताम बेटावरच्या गोदीत नोकरी लागली तेव्हा, "असू दे. पण लांब आहे." आणि पलीकडच्या गल्लीतल्या न्गातिनीने स्कूटर घेऊन तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या बाटल्या टांगून जामू विकायला सुरुवात केली, त्या दिवशी तर ती दिवसभर 'असू दे' म्हणत राहिली आणि जेवली नाही.

मी तिच्यासमोरच राहते. गल्लीतल्यांचे कपडे इस्त्री करून देते. माझं टेबल खिडकीशी, आणि खिडकीच्या बरोबर समोर यूची चूल. लोक म्हणतात, नार्सी डोकावते. मी डोकावत नाही. मी इस्त्री करते. मान वर केली की समोर तिचं घर येतं, त्याला मी काय करू?

यू म्हणजे ताई. पण आमच्या जावातल्या सोलो गावात जामूवालीला सगळेच यू म्हणतात, काठी टेकत चालणारे आजोबासुद्धा. जामू म्हणजे आमचे काढे. हळद-चिंचेचा, तांदूळ आणि केंचूरच्या कंदाचा, आणि एक पानांचा, इतका कडू की भांडणाऱ्या नवराबायकोला पाजला तर दोघंही गप्प बसावेत. यू लग्न होऊन या गल्लीत आली ती पाठीला टोपली बांधूनच. टोपलीत काचेच्या बाटल्या, त्यांना केळीच्या पानाच्या सुरळीची बुचं. पहाटे वाटायचं, पिळायचं, उन्हं वर यायच्या आत फेरीला निघायचं. नवरा सायकलरिक्षा ओढायचा, तो लवकर गेला. मुलगा सुगेंग तेव्हा अंगणवाडीत जायच्या वयाचा. त्याला तिने एकटीने वाढवला आणि दुसऱ्या कुणाला फारसं घेऊ दिलं नाही. मी एकदा त्याला भात भरवला तर तो घरी जाऊन म्हणाला, नार्सीकाकीचा भात चांगला असतो. झालं. महिनाभर माझ्या घरी यूचा काढा आला तो पाणी घातलेला.

आणि तिचे हात. ते सांगायलाच हवेत. इतकी वर्षं हळद वाटून तिची बोटं नखांसकट पिवळी झालेली आहेत. ईदला नवे कपडे घालते, केसात फूल माळते, पण हात तेच. ती ज्याला हात लावेल त्यावर ठसा उमटतो. नोटांवर, दाराच्या कडीवर, माझ्याकडे इस्त्रीला दिलेल्या सुगेंगच्या शर्टाच्या कॉलरवर. गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या पाठीवर लहानपणी तिच्या पंज्याचा ठसा होता, कारण पोर जेवेनासं झालं की तिच्याकडेच न्यायचं. ती मांडीवर आडवं घेई, फडक्यातून कडू रस तोंडात पिळी, आणि पोर बोंबलत घरी जाऊन दोन वाट्या भात खाई. आपल्या हातून पोर जेवतं, याचा तिला केवढा तोरा.

अशा बाईला नात झाली. आणि नातीबरोबर विहीण.

सुगेंगची बायको वेनिंग सेमारांग शहरातली. कापडगिरणीच्या ऑफिसात हिशेब बघते, गुणी पोर आहे, आणि तोंडावर 'नाही' म्हणायचं तिला शिकवलेलंच नाही. तिची आई बू रेत्नो; बू म्हणजे मानाने बाई. स्टेशनमास्तरांची विधवा, केस नीट वर बांधलेले, बोलणं असं की प्रत्येक वाक्य धुऊन, वाळवून, घडी घालून बाहेर येतं. आणि हात पांढरेशुभ्र, नखांना फिकट गुलाबी रंग. बाळाचं नाव ठेवलं सेकार. आता सेकारने या दोन आज्यांना काय म्हणायचं? बू रेत्नो म्हणाल्या, "मला एयांग म्हणू दे." एयांग म्हणजे बड्या घरची आजी. यूला मग म्बाह उरलं, ते आम्ही सगळेच आमच्या आजीला म्हणतो. यूची भुवई वर गेली.

"एयांग कसं, आगगाडीतल्या पहिल्या वर्गासारखं वाटतं," ती मला म्हणाली.

"आणि म्बाह?"

"म्बाह टपावर बसते."

सेकारचा जन्मवार पस्तिसाव्या दिवशी पहिल्यांदा फिरून आला आणि त्याचा भात गल्लीत वाटायचा होता, त्या दिवशी बू रेत्नो सेमारांगहून आल्या त्या एक मोठं खोकं घेऊन. आम्ही बायका चटईवर अंडी सोलत होतो. खोक्यातून निघाल्या दुधाच्या बाटल्या, मऊ पांढरी निपलं, बाटली घासायचे दोन ब्रश, एक लांब आणि एक करंगळीएवढा, आणि बाटल्या वाफवायचं यंत्र.

"यात केमिकल नाही," बू रेत्नो म्हणाल्या. "गरम दूध घातलं तरी ही बाटली दुधात काही सोडत नाही. तळाशी बघा. त्रिकोण आहे, त्यात पाचचा आकडा. सात असेल तर बाळासाठी घ्यायची नाही. आणि आत ओरखडे दिसले की टाकून द्यायची, कितीही महाग असो."

"दिसतं कसं हो ते केमिकल?" मी विचारलं.

"दिसत नाही, तेच तर वाईट आहे. वेनिंग लहान होती तेव्हा आम्हाला कुठे कळत होतं? मिळेल ती बाटली घेतली, त्यात उकळतं पाणी ओतलं, हलवलं, पाजलं. आता कळतंय तर करू."

हे त्यांनी साधेपणाने सांगितलं, आणि त्या क्षणी मला बू रेत्नो आवडल्या. पण सगळ्या बायका लगेच आजूबाजूच्या वस्तू उलट्या करून आकडे शोधू लागल्या. मीही घरी जाऊन माझा पाण्याचा जग उलटा केला. त्यात पाणी होतं हे मी विसरले होते.

बू रेत्नोंनी यूची काढा गाळायची निळी बादली बघितली. "यू, तुम्ही याच्यात गरम ओतता का?"

"नाही. माझ्या काढ्याला काच लागते. जन्मभर काचच वापरली."

"बरं आहे मग."

हे 'बरं आहे मग' यूने मला आठवडाभर ऐकवलं. "म्हणजे काय, नार्सी? म्हणजे मी पास झाले? ही कोण मास्तरीण माझी परीक्षा घेणारी?"

दुसऱ्याच दिवशी ती मोठ्या बाजारात गेली आणि काचेची बाटली घेऊन आली. चांगली जाड, वजनदार, तिच्यावर बदकाचं चित्र. तोंडाला तपकिरी रबराचं निपल, त्याला सायकलच्या ट्यूबचा वास. "काच काही सोडत नाही," ती म्हणाली. "त्रिकोण नको नि आकडा नको." आणि ते खरंच होतं. बू रेत्नोसुद्धा फोनवर म्हणाल्या की काच उत्तम, फक्त निपल रबराचं नको आणि बाळाच्या अंगावर पडायला नको. यूने यातलं 'काच उत्तम' एवढंच ऐकलं.

वेनिंग काय करणार? आई आली की आईची बाटली, सासू समोर असली की सासूची. दोघींना "हो आई, हो आई." पण सेकारला कुणी शिकवलेलं नव्हतं. काचेची बाटली पुढे आली की ती जीभ बाहेर काढून ते तपकिरी बूच ढकलायची. पांढरं निपल मात्र चोखायची. फार नाही, थोडं. तेवढ्यानेही यूच्या अंगाची आग आग व्हायची.

कारण बाटली ही नुसती बाटली नव्हती. वेनिंगची सुट्टी संपत आली होती. गिरणीत परत जायचं, तर सेकारला कोण बघणार? बू रेत्नो मऊ आवाजात म्हणाल्या होत्या, "मी तिला सेमारांगला नेते. रविवारी तुम्ही या. यूंची फेरी असते, त्यांना त्रास कशाला?"

"मी फेरी बंद करीन," यू म्हणाली.

माझ्या हातातली इस्त्री थांबली. ही बाई नवरा गेल्यावरसुद्धा फार दिवस घरी बसली नव्हती. फेरी बंद म्हणजे तिची सगळी गिऱ्हाइकं न्गातिनीच्या स्कूटरला. आणि तरी ती म्हणाली. यावर कुणी होय म्हणालं नाही की नाही म्हणालं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी ठरवत नाहीत, त्या आपोआप होऊ देतात. बाळ ज्या आजीच्या बाटलीने पोटभर पिईल, त्या आजीकडे ते जाईल, हे कुणी न बोलता सगळ्यांना कळलं होतं.

बू रेत्नो परत गेल्या. एका दुपारी वेनिंग गिरणीत साहेबांना भेटायला गेली आणि घरात यू नि सेकार दोघीच राहिल्या. मी चादरी करत होते. मान वर केली तर यू ते खोकं उघडून बसलेली. एकेक निपल काढी, नाकाशी नेई, ताणून बघी, उजेडात धरी. चोखूनही बघितलं एक, खोटं कशाला सांगू. वास येईना, चव येईना. कुठेच काही खोट सापडेना, तशी तिची चिडचिड वाढत गेली. शेवटी तिने सगळी निपलं गोळा केली आणि चुलीवरच्या पातेल्यात टाकली. कुठल्या पातेल्यात? जन्मभर ज्यात हळद उकळली त्या. चांगली खळखळ उकळली. मग बोटांनी एकेक पिळून, चोळून बाहेर काढली.

सेकार रडायला लागली. यूने त्यातलंच एक निपल विहिणीच्या बाटलीवर चढवलं, वेनिंगने काढून ठेवलेलं दूध भरलं आणि पाजलं. आणि सेकारने एका दमात बाटली संपवली. तळाशी थेंब उरला नाही. ढेकर दिली, यूच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि झोपली.

तुम्हाला वाटेल, यूला आनंद झाला असेल. ती माझ्या खिडकीशी आली, बाळ खांद्यावर, चेहरा एवढासा.

"बघितलंस? सगळं प्यायली. त्यांच्या बाटलीतून."

"तुझ्या मांडीवर प्यायली ना?"

"मांडीला कोण विचारतं? नाव बाटलीचं होतं."

निपलांचा रंग तिच्या लक्षातच आला नाही. तिच्या घरात पिवळं हा रंग दिसतच नाही, कारण सगळंच तसं आहे. तिने ती वाळवली, खोक्यात भरली, झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेनिंगने खोकं उघडलं आणि तिची किंकाळी मला इथे ऐकू आली.

सगळी निपलं पिवळी. कडेने फिकट, टोकाला गडद. वेनिंगने मोबाईलवर वाचलं होतं की वस्तू आपोआप रंग बदलू लागली तर समजावं, माल वाईट आहे. सुगेंग म्हणाला, "नकली असणार. आजकाल सगळं नकली येतं." बू रेत्नोंना फोन गेला, त्या पहिल्या गाडीने आल्या. चटईच्या कडेला बसल्या आणि एक निपल हातात घेऊन बघत राहिल्या.

"कुठून घेतलंत, आई?" वेनिंगने विचारलं.

"मोबाईलवरच मागवलं होतं. सेल होता." मग निपल उलटवत, "मी एवढं बघून घेतलं होतं गं. आकडा बघितला, शिक्का बघितला. आणि मीच हे पाजत होते तिला?"

त्यांचं रडणंसुद्धा नीटनेटकं होतं. रुमालाची घडी मोडली नाही, फक्त खांदे हलले. सुगेंग म्हणाला, सेकार इथेच राहील, आई फेरी बंद करतेच आहे. आणि यू लासियेम, चुलीपाशी उभी, दोन्ही हात पदराखाली लपवून, इतक्या गोड आवाजात म्हणाली की मी खिडकीतून वाकून बघितलं.

"असू दे, बू. होतं असं कधीकधी."

तिला तेव्हा कळलं होतं का? मला वाटतं, वेनिंगने खोक्यातून निपलं बाहेर काढली त्याच क्षणी कळलं होतं. नाहीतर हात कशाला लपवले?

जिंकली ती. पण जिंकलेलं पचेना, कारण सेकार पिईना. पांढरी निपलं आता पिवळी होऊन कपाटावर कागदात बांधलेली, दुकानाकडे तक्रार करायला, आणि नवी घ्यायचा कुणाला धीर होईना. उरली बदकाची काचेची बाटली. ती तोंडाशी नेली की सेकार मान फिरवी. चमच्याने पाजलं तर अर्धं गळ्यात नि अर्धं झबल्यात. वेनिंगने गिरणीत अर्ध्या दिवसाने सुरुवात केली होती, आणि तो अर्धा दिवस गल्लीभर रडणं. यूने न्गातिनीच्या स्कूटरचा भोंगा ऐकत, आपल्या टोपलीकडे न बघता, बाळ घेऊन मोरीपासून दारापर्यंत फेऱ्या घातल्या.

मी इस्त्रीचे कपडे द्यायच्या निमित्ताने गेले.

"यू, ती कपाटावरची निपलं काय मस्त रंगली होती गं. अगदी लग्नातल्या पिवळ्या भातासारखी."

"नकली आहेत ती."

"असतील. पण सुगेंगच्या कॉलरवर हाच रंग आहे. हे बघ. आणि तुझ्या दाराच्या कडीवर. दुकानदाराने तुझी कडी पण नकली दिली वाटतं."

तिने माझ्या हातातले कपडे घेतले. मग म्हणाली, "नार्सी, तू घरी जा. काहीतरी जळतंय."

"माझी इस्त्री बंद आहे."

"मग माझं जळत असेल. जा तू."

मी कुणाला काही सांगितलं नाही. माझ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण खरंच नाही सांगितलं. ही गोष्ट तिच्याच तोंडून निघायला हवी होती, आणि खरं सांगायचं तर पुढे काय होतं ते मला बघायचं होतं.

पुढे झालं असं की सेकारचं वजन भरेना आणि वेनिंग घाबरली. तिच्या मनाने घेतलं की त्या निपलांतलं काहीतरी पोटात गेलंय. सुगेंगलाही तसंच वाटलं. ठरलं की सकाळी दवाखान्यात न्यायचं आणि रक्त तपासायचं. बू रेत्नो सेमारांगहून आल्या, चेहरा उतरलेला. दारात गाडी उभी राहिली. वेनिंगने बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "एवढ्याशा हातातून रक्त काढतात तरी कुठून?"

यू चुलीपाशी हळद वाटत बसली होती. फेरी बंद केली तरी हात थांबत नव्हते. ती उठली. तिच्या हातात एक नवंकोरं पांढरं निपल होतं, तस्संच. केव्हा आणलं कोण जाणे. ती चटईवर बू रेत्नोंच्या समोर येऊन बसली, हळदीने ओले हात तसेच, आणि त्या हातांनी ते निपल चोळू लागली, पीठ मळावं तसं. मग पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात टाकलं. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. तिने ते काढून बशीत ठेवलं आणि बशी विहिणीसमोर सरकवली.

पिवळं. कडेने फिकट, टोकाला गडद.

बू रेत्नोंनी बशीकडे बघितलं, मग यूच्या हातांकडे.

"तुम्ही उकळली होती?"

"हो. स्वच्छ व्हावीत म्हणून."

"ती स्वच्छच होती, यू."

"होती," यू म्हणाली. "म्हणूनच उकळली."

याहून स्पष्ट कबुली आमच्या गल्लीत कुणी दिलेली मी तरी ऐकली नाही. वेनिंगने दुपटं सोडलं. सुगेंगने आईकडे बघितलंच नाही, बाहेर जाऊन गाडी परत पाठवली आणि तिथूनच म्हणाला, "सेकार सेमारांगला जाईल." बू रेत्नोंनी यूकडे बघितलं. त्या हसल्या. त्यांचं ते घडी घातलेलं हसू. आणि दुपारच्या गाडीने नातीला घेऊन गेल्या. जाताना ती पिवळी निपलं कागदासकट कचऱ्यात गेली, बशीतल्यासकट.

यूने दुसऱ्या दिवशी टोपली बांधली. पण तिचा काढा बिघडला. चिंच जास्त, गूळ कमी. गिऱ्हाइकं माझ्याकडे तक्रार करू लागली, जणू मी तिची मालकीण. ती फेरीहून आली की बदकाच्या बाटलीत पाणी भरून खिडकीत ठेवी, त्यात एक जाईचं फूल घाली.

"चांगली दिसते फुलदाणी," मी म्हणाले.

"त्यांच्याकडे गच्ची आहे म्हणे," ती म्हणाली. "बाळाला सकाळचं ऊन दाखवायला. पंखा आहे. पाळणा आपोआप हलतो."

"असू दे," मी म्हणाले. कधी नव्हे ते मी म्हणाले.

आठवडा पुरता व्हायच्या आत बू रेत्नो गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरल्या. कडेवर सेकार, केस सुटलेले. मी त्यांचे केस सुटलेले पहिल्यांदाच बघितले. कडेवरची पोर सारखी किंचाळत होती. यू दारातच होती. सेकारने तिच्याकडे झेप घेतली, तिच्या मानेत नाक खुपसलं आणि गप्प झाली. एकदम. जणू नळ बंद केला.

बू रेत्नो पायरीवर बसल्या. मी पाणी नेऊन दिलं, म्हणजे मला तिथे उभं राहता आलं.

"नवी निपलं घेतली," त्या म्हणाल्या. "दुकानातून, समोर उभी राहून. पांढरी. तोंडातच घेत नाही. वास घेते आणि मान फिरवते. तिला तुमच्या हळदीचाच वास हवाय." त्यांनी पिशवीतून निपलं काढून पायरीवर ठेवली. मग एकदम, पाण्याच्या पेल्याकडे बघत म्हणाल्या, "पहिल्या दिवशीच बघितलं होतं मी. तुमच्या खांद्यावर ती अशी झोपते. माझ्या खांद्यावर नाही झोपत. म्हणून तर एवढं खोकं भरून आणलं."

यूची भुवई वर गेली, आणि तिथेच राहिली. मी तिला इतकी वर्षं ओळखते. तिच्या तोंडात काय आलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तिने ते गिळलं, तेही मी बघितलं.

"ही हळद तुमची," बू रेत्नो म्हणाल्या, "यात वरून रंग घातलेला नसतो ना? बाजारात घालतात म्हणे."

गिळलेलं सगळं परत वर आलं. "बू, मी हळकुंड उभी राहून आणते. कच्चं, मातीसकट. तुमच्या त्रिकोणापेक्षा जुनी माझी हळद आहे."

"तसं नाही हो. विचारायला हवं ना. आता विचारल्याशिवाय मी काहीच तिच्या तोंडाला लावत नाही."

"मग बरं आहे," यू म्हणाली.

बू रेत्नोंनी निपलं तिच्याकडे सरकवली. "एवढी उकळून द्या. मी घेऊन जाते."

यूने सेकारच्या पाठीवर थोपटलं. ठसा उमटला. "वास टिकत नाही, बू. रोज उकळावं लागतं."

"रोज?"

"रोज. ताज्या हळदीत."

हे खरं होतं की नाही, मला माहीत नाही. तिलाही नव्हतं. बू रेत्नोंना बहुतेक कळलं होतं की तिला माहीत नाही. संध्याकाळी वेनिंग गिरणीतून आली, दारातच चपला टाकून बाळाला घेतलं आणि दोघी आयांसमोर उभी राहून म्हणाली, "ही इथून हलणार नाही." तिच्या तोंडून आलेला तो पहिला नकार. दोघीही इतक्या दचकल्या की एकाच वेळी म्हणाल्या, "बरं बाई."

आता बू रेत्नो सोमवारी पहिल्या गाडीने येतात, शुक्रवारी जातात. यू पहाटे वाटण करते, अर्धी फेरी मारते, मोठ्या रस्त्यापर्यंतच. पुढची गिऱ्हाइकं न्गातिनीला गेली, त्याचा विषय तिच्यासमोर काढायचा नाही. ती येईपर्यंत बू रेत्नो बाटल्यांचे आकडे तपासतात, ओरखडे उजेडात धरून बघतात, बाटली वाफवतात, आणि मग हळदीच्या पातेल्याशी बसून आपल्या हाताने निपलं उकळतात. यूला त्यांनी हात लावलेला आवडत नाही. "तुम्ही फार कमी चोळता." "यू, तुम्ही फार जास्त चोळता, फाटेल ते." मग एक जण पाजते आणि दुसरी भिंतीला टेकून बघत बसते, आणि बघणारीचं तोंड बघायला मी माझी इस्त्री गार होऊ देते. माझी नातवंडं बातामला, मोबाईलच्या काचेत. काचेला कसलाच वास लागत नाही, हे मला तेव्हापासून फार आठवतं.

परवा बू रेत्नो माझ्याकडे आल्या. पांढरा ब्लाउज हातात, त्याच्या बाहीवर पिवळे डाग. आणि त्यांची नखं. गुलाबी रंग कधीच गेलेला. कडेने फिकट, टोकाला गडद.

"हे निघेल का हो, बू नार्सी?"

"ब्लाउजवरचं निघेल उन्हात टाकलं तर. बोटांवरचं नाही."

त्यांनी बोटं उजेडात धरून बघितली, जशी बाटली बघतात तशी. मग माझ्या बाकावर बसल्या, चहा प्यायल्या, मला त्यांच्या नवऱ्याच्या स्टेशनातल्या दोन गमती सांगितल्या. आम्ही दोघी मोठ्याने हसलो. मान वर केली तर समोर यू, बाळ खांद्यावर, दारात उभी.

त्या गेल्यावर ती आली.

"काय सांगत होत्या त्या तुला एवढं?"

"काही नाही."

"मला तर कधी काही सांगत नाहीत. माझ्याशी कधी हसल्या नाहीत अशा." भुवई वर गेली. "आणि चहा पण घेतला तुझ्याकडे. माझा काढा घेतात तो नाक धरून."

मी इस्त्री गरम आहे का ते बघितलं, ब्लाउजवर पाणी शिंपडलं आणि तिच्याच सुरात म्हणाले, "असू दे."